हळद आणि कर्करोगाची पेशी

यवतमाळ जिल्ह्याचे नाव काढले की आधी कापूस आठवतो. पण जिल्ह्याच्या दक्षिणेला, पैनगंगेच्या अंगाने उमरखेड, महागाव, पुसद या तालुक्यांत फेब्रुवारी-मार्चमध्ये गेलात तर वेगळाच हंगाम दिसेल. पावसाळ्याच्या तोंडावर लावलेली हळद आठ-नऊ महिन्यांनी खणून निघालेली असते. कंद मोडायचे, शिजवायचे, दहा-पंधरा दिवस उन्हात वाळवायचे, मग फिरत्या पिंपात घालून त्यांना चकाकी आणायची. या कामावरच्या बायांचे तळहात, नखे, पदर, सगळे पिवळे होते आणि तो रंग कितीतरी दिवस जात नाही. आज आपल्याला त्या रंगाबद्दल बोलायचे आहे.

त्याच गावांच्या फाट्यावर एक पानठेलाही असतो. तिथे सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीवर घोटून खर्रा तयार होत असतो. खर्रा म्हणजे काय हे विदर्भात कोणाला सांगावे लागत नाही. सकाळी तोंडात टाकलेली चिमूट दुपारपर्यंत गालाच्या एकाच कोपऱ्यात बसलेली असते. पुढे काही जणांचे तोंड उघडेनासे होते, गालात पांढरा चट्टा उमटतो आणि त्यांतल्या काहींना तोंडाचा कर्करोग होतो. सुपारी तंबाखूशिवाय खाल्ली तरी ती माणसात कर्करोग घडवते, असा निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २००४ मध्ये प्रसिद्ध केला. ‘मी फक्त सुपारी खातो’ या समाधानाला त्यामुळे फारसा अर्थ राहिलेला नाही.

एका बाजूला हळद पिकते आणि दुसऱ्या बाजूला तोंडाचा कर्करोग वाढतो, अशा भागात एक प्रश्न हमखास विचारला जातो. निदानाचा कागद हातात पडलेला असतो, पुढची तारीख मिळालेली असते आणि सोबतचा नातेवाईक हळूच म्हणतो, “डॉक्टरसायब, आमी हळद चालू केली नं, मंग ते सुई अन् शेक कायले?” सुई म्हणजे केमोथेरपी आणि शेक म्हणजे किरणोपचार. हा प्रश्न अडाणीपणाचा आहे असे मला अजिबात वाटत नाही. वर्तमानपत्रांत ‘हळदीने कर्करोगाच्या पेशी मरतात’ असे मथळे गेली पंचवीस-तीस वर्षे येत आहेत आणि गंमत म्हणजे ते मथळे खोटे नाहीत. पेशी खरोखरच मरतात. पण कुठे मरतात आणि किती हळदीने मरतात, हे मथळ्यात मावत नाही.

हळदीच्या पिवळ्या रंगाला कर्क्युमिन म्हणतात. १८१५ साली फोगेल आणि पेलेतिए या दोघा शास्त्रज्ञांनी तो हळदीतून वेगळा काढला. त्याच्या रेणूची रचना कळायला पुढे जवळजवळ शंभर वर्षे लागली. ती १९१० साली कळली. वाळलेल्या हळकुंडात कर्क्युमिन साधारण दोन ते पाच टक्के असते, काही वाणांत त्याहून थोडे अधिक. आता व्यापारीही त्याची टक्केवारी विचारू लागले आहेत. शेजारच्या वर्धा जिल्ह्यातल्या वायगावच्या हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्यात तिच्यातल्या भरपूर कर्क्युमिनचा वाटा होता. पैनगंगेपलीकडच्या वसमतच्या हळदीला ते २०२४ मध्ये मिळाले.

या रंगाचा स्वभाव आपल्या आजीला ठाऊक होता. हळदीला चुना लागला की ती लाल होते. कुंकू पूर्वी असेच करत. पांढऱ्या सदऱ्यावर वरणाचा डाग पडला आणि त्याला साबण लावला की डाग लालभडक होतो, आणि तोच सदरा उन्हात टाकला की डाग फिका पडतो. म्हणजे कर्क्युमिन क्षारात बदलते आणि उजेडात मोडते. हा रेणू नाजूक आहे. प्रयोगशाळेत रक्ताइतक्याच किंचित क्षारधर्मी पाण्यात, शरीराच्या तापमानाला ठेवले तर अर्ध्या तासात त्यातले सुमारे नव्वद टक्के कर्क्युमिन मोडून जाते. रक्तातली प्रथिने सोबत असली तर ते बरेच जास्त टिकते, पण मुळात ते टिकाऊ नाही. सदऱ्यावरचा हा डाग लक्षात ठेवा, पुढे त्याची गरज पडणार आहे.

आता अँटीऑक्सिडंट हा शब्द पाहू. चहाच्या पाकिटापासून केसांच्या तेलापर्यंत तो सगळीकडे छापलेला असतो. चिरलेले वांगे उघडे ठेवले की काळे पडते, लोखंड गंजते, जुन्या तेलाला खवट वास येतो. ही सगळी ऑक्सिजनची कामे. आपल्या पेशींतही अन्नाचे ज्वलन होताना ऑक्सिजनचे काही उनाड कण तयार होतात. त्यांच्यात एक इलेक्ट्रॉन कमी असतो आणि तो ते शेजारच्या रेणूकडून ओढून घेतात. शेजारी पेशीतले डीएनए असेल तर त्याला इजा होते. अशा इजा साचत गेल्या की एखादी पेशी बिघडते आणि थांबायचे विसरून वाढू लागते. कर्क्युमिनसारखे पदार्थ स्वतःजवळचे देऊन या उनाड कणांना शांत करतात, म्हणून ते अँटीऑक्सिडंट.

यावरून एक सरळ हिशेब मांडला गेला. उनाड कणांमुळे कर्करोग होतो, अँटीऑक्सिडंट त्या कणांना शांत करतात, म्हणून ते भरपूर खावेत. हिशेब इतका सोपा होता की मोठ्या मोठ्या संस्थांनी त्यावर पैसा लावला. फिनलंडमध्ये २९ हजारांहून अधिक विडी-सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांना गाजराच्या रंगातले बीटा-कॅरोटीन आणि ई जीवनसत्त्व वर्षानुवर्षे दिले गेले. १९९४ साली निकाल आला. बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त निघाला. अमेरिकेत तशीच एक चाचणी चालू होती. तिच्यातही बीटा-कॅरोटीन आणि अ जीवनसत्त्व घेणाऱ्यांना कर्करोग अधिक होतोय असे दिसले आणि १९९६ मध्ये गोळ्या मुदतीआधीच बंद कराव्या लागल्या. गाजर खाणारे लोक निरोगी असतात हे खरेच होते, पण गाजरातला एकच पदार्थ काढून गोळीत भरला की तो गाजरासारखा वागेना.

याचे एक कारण पुढे उलगडत गेले. कर्करोगाच्या पेशीलाही उनाड कणांचा त्रास होतोच. ती झपाट्याने वाढते म्हणून तिच्यात ते जास्तच तयार होतात आणि ती त्यांच्या ओझ्याखाली कशीबशी तग धरून असते. अँटीऑक्सिडंट दिले की ते ओझे तिचेही हलके होते. स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये फुप्फुसात गाठी असलेल्या उंदरांना अँटीऑक्सिडंट दिली. गाठी लवकर वाढल्या आणि उंदीर लवकर मेले.

मग हळदीने पेशी मरतात त्या कशाने? इथेच खरी गंमत आहे. काचेच्या बशीत वाढवलेल्या कर्करोगाच्या पेशींवर कर्क्युमिनचा भरपूर डोस टाकला तर ते तिथे उनाड कण शांत करत बसत नाही, वाढवते. आधीच ओझ्याखाली असलेली पेशी आणखी भाराने कोसळते. शिवाय कर्क्युमिन पेशीतल्या अनेक प्रथिनांना चिकटते. दाह पेटवणारी एक मुख्य कळ पेशीत असते. शास्त्रज्ञ तिला ‘एनएफ-कप्पा-बी’ म्हणतात. ती कर्क्युमिनने दबते. प्रत्येक निरोगी पेशीत, बिघडल्यास स्वतःहून संपण्याची एक व्यवस्था असते. कर्करोगाच्या पेशीने ती बंद करून ठेवलेली असते आणि कर्क्युमिन ती पुन्हा चालू करते. म्हणजे अँटीऑक्सिडंट म्हणून प्रसिद्ध असलेला पदार्थ कर्करोगाची पेशी मारताना बऱ्याचदा त्या नावाच्या उलट काम करत असतो. डोस कमी की जास्त, जवळ तांबे-लोखंड आहे की नाही, यावर त्याची बाजू ठरते. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये इंद्रनील मित्रा यांचा गट द्राक्षातले रेझव्हेराट्रॉल आणि तांबे एकत्र देऊन नेमका असाच उलटा परिणाम मिळवू पाहतो आहे. २०२४ च्या सुरुवातीला ‘शंभर रुपयांची गोळी’ म्हणून ज्याचा गाजावाजा झाला, तेच हे काम. त्यावर मोठ्या चाचण्या व्हायच्या असतानाच मथळे झळकले होते.

हळदीवरच्या या संशोधनात भारतीयांचा वाटा मोठा आहे. केरळात त्रिशूरच्या अमला कर्करोग संशोधन केंद्रात रामदासन कुट्टन आणि सहकाऱ्यांनी १९८५ साली हळदीच्या अर्काने कर्करोगाच्या पेशी मरतात असे बशीत आणि उंदरांत दाखवले. १९८७ मध्ये त्यांनी ६२ रुग्णांच्या उघड्या, चिघळलेल्या गाठींवर हळदीचा अर्क आणि कर्क्युमिनचे मलम लावले. बहुतेकांची दुर्गंधी आणि खाज कमी झाली, स्राव सुकला. गाठ लहान झाली ती मात्र दहापैकी एखाद्याचीच. मुंबईत परळच्या टाटा मेमोरियलमधल्या कर्करोग संशोधन संस्थेत अझुइन आणि भिडे यांनी १९९२ साली उंदरांच्या खाण्यात हळद मिसळली आणि मग धुरातल्या घातक रसायनाने होणाऱ्या पोटातल्या गाठी त्यांच्यात कमी होतात असे दाखवले. पुढे टाटाच्याच खारघरच्या केंद्रात गिरीश मारू यांच्या गटाने हे काम बरीच वर्षे चालवले.

म्हणजे बशीत यश आले होते आणि उंदरातही बऱ्यापैकी यश आले होते. आता माणसाकडे येऊ.

तैवानमध्ये डॉक्टरांनी कर्करोगाच्या उंबरठ्यावर असलेल्या २५ रुग्णांना शुद्ध कर्क्युमिन दिले. निकाल २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. रोज अर्ध्या ग्रॅमपासून सुरुवात करून डोस वाढवत नेला. आठ ग्रॅमपर्यंत फारसा त्रास झाला नाही, बारा ग्रॅम द्यायला गेले तर एवढी पावडर रुग्णांना गिळवेना. आठ ग्रॅम म्हणजे किती याचा घरगुती हिशेब करून पाहा. हळदीत तीन टक्के कर्क्युमिन धरले तर त्यासाठी रोज पाव किलोहून जास्त हळद खावी लागेल. वरण-भाजीतून माणशी पूर्ण चमचाभर हळद पोटात गेली तरी ती तीन ग्रॅम, म्हणजे तिच्यात कर्क्युमिन नव्वद मिलिग्रॅम.

आणि आठ ग्रॅम गिळल्यावर रक्तात किती उतरले? ही तीव्रता मायक्रोमोलर या मापात मोजतात. बशीतल्या पेशी मरायला साधारण दहा ते पन्नास मायक्रोमोलर लागतात. त्या तैवानी रुग्णांच्या रक्तात ते सर्वांत जास्त असतानाही सरासरी १.७७ भरले, तेही थोडा वेळ. नंतरच्या कित्येक चाचण्यांत मूळ रूपातले कर्क्युमिन रक्तात जेमतेम सापडले. सदऱ्यावरचा डाग आठवा. आतड्यात कर्क्युमिन नीट विरघळत नाही, थोडेफार शोषले गेले की आतड्याची भिंत आणि यकृत त्याला लगेच दुसरे रेणू जोडून निकामी करतात, आणि उरलेले सगळे शौचावाटे निघून जाते. पोटातून गेलेली हळद स्वादुपिंडातल्या किंवा हाडातल्या गाठीपर्यंत त्या ताकदीने पोचतच नाही.

यावर उपाय म्हणून मिरे आले. बंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधकांनी १९९८ मध्ये दोन ग्रॅम कर्क्युमिनबरोबर मिऱ्यातले पिपरिन दिले आणि कर्क्युमिनचे रक्तातले प्रमाण वीस पट वाढलेले आढळले. ‘हळदीत मिरे घाला’ हा सल्ला आज घरोघर फिरतो तो तिथून. पण शून्याच्या जवळ असलेल्या आकड्याची वीस पट करून हाती फार लागत नाही. शिवाय पिपरिन हे यकृताचे हात बांधून करते, त्यामुळे त्याच वेळी घेतलेल्या दुसऱ्या औषधांचेही रक्तातले प्रमाण वाढू शकते. जास्त शोषल्या जाणाऱ्या कर्क्युमिनच्या कॅप्सूल बाजारात आल्या तसे आणखी एक प्रकरण पुढे आले. अमेरिकेत औषधांमुळे होणाऱ्या यकृतविकारांची नोंद ठेवणाऱ्या गटाने २०२२ मध्ये हळदीच्या गोळ्या-कॅप्सूलमुळे यकृत बिघडलेल्या दहा रुग्णांची माहिती दिली. त्यातला एक दगावला. भाजीतली हळद हजारो वर्षे खाऊन कुणाचे यकृत गेले नाही, म्हणून कॅप्सूलनेही जाणार नाही असे धरून चालू नये.

मोठ्या रोगावर काय झाले? अमेरिकेत ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन रुग्णालयात स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या रुग्णांना रोज आठ ग्रॅम कर्क्युमिन दिले गेले. २००८ मध्ये निकाल आला. परिणाम तपासता आला अशा २१ रुग्णांपैकी एकाचा रोग दीड वर्षाहून अधिक काळ जागच्या जागी राहिला आणि एकाची गाठ बरीच आक्रसली, पण थोड्याच दिवसांसाठी. बाकीच्यांना उपयोग झाला नाही. याच संस्थेतले भारत अगरवाल हे कर्क्युमिनवर जगात सर्वाधिक लिहिणाऱ्यांपैकी एक. पुढे त्यांच्या निबंधांतल्या चित्रांवर शंका घेतल्या गेल्या आणि पंचवीसहून अधिक निबंध नियतकालिकांनी मागे घेतले. त्या निबंधांचा आधार घेऊन दुसऱ्यांनी लिहिलेले लेख मात्र अजून फिरतात. औषधी रसायनशास्त्राच्या एका प्रतिष्ठित नियतकालिकात २०१७ साली कर्क्युमिनचा सविस्तर आढावा आला. त्यात लेखकांनी १२० हून अधिक मानवी चाचण्यांचा उल्लेख करून, दोन्ही बाजूंना अंधारात ठेवून केलेल्या तुलनात्मक चाचणीत कर्क्युमिन एकदाही निर्विवाद यशस्वी ठरलेले नाही, असे म्हटले. हा निर्वाळा मला थोडा कडक वाटतो, आणि त्याचे कारण आपल्या पानठेल्याशी जोडलेले आहे.

कर्क्युमिन रक्तात पोचत नाही हे खरे, पण तोंडाला ते थेट लागू शकते. त्रिशूरच्या रुग्णांच्या जखमा ज्या सुकल्या त्याही मलम लावून. तोंडातले पांढरे चट्टे, ज्यांना डॉक्टर ल्युकोप्लाकिया म्हणतात, ते कर्करोगाच्या आधीची पायरी असू शकतात. तैवानच्या चाचणीत असे सात रुग्ण होते. दोघांचे चट्टे सुधारले आणि एकाला कर्क्युमिन चालू असतानाच कर्करोग झाला. सातांवरून काही ठरत नाही. म्हणून दक्षिण भारतातल्या रुग्णालयांनी मिळून एक मोठी चाचणी केली. तिचा निकाल २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. चट्टे असलेले २२३ जण, निम्म्यांना रोज ३.६ ग्रॅम कर्क्युमिन, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या गोळ्या, सहा महिने. कोणाला काय मिळते हे रुग्णालाही माहीत नव्हते आणि डॉक्टरलाही. कर्क्युमिन घेणाऱ्यांत ६७.५ टक्के लोकांचे चट्टे डोळ्यांना दिसेल इतके कमी झाले. खोट्या गोळ्या घेणाऱ्यांत ५५.३ टक्के लोकांचे.

हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. फरक आहे आणि तो केवळ योगायोगाने पडावा इतका लहान नाही. पण ज्यांनी काहीच औषध घेतले नाही त्यांच्यातही निम्म्याहून अधिक जणांना बरे वाटले. यातल्या एखाद्या माणसाला त्या सहा महिन्यांत कोणी राख, अर्क, काढा काहीही दिले असते, तर त्याने आयुष्यभर त्या काढ्याचे गुण गायले असते. गावात ‘अमक्याचा चट्टा तमक्या औषधाने गेला’ ही गोष्ट खरी असूनही त्यातून काहीच सिद्ध का होत नाही, ते इथे कळते. आणखी एक गोष्ट. चट्ट्याचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तेव्हा दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. डोळ्यांना चट्टा लहान दिसत होता, पण आतल्या पेशी सुधारल्या असे म्हणता येत नव्हते.

मंगळुरूच्या एका चाचणीतही हळदीने तोंडातच काम केले. डोके-मानेच्या कर्करोगासाठी शेक घेणाऱ्या ८० रुग्णांत हळदीच्या पाण्याच्या गुळण्या करणाऱ्यांचे तोंड उशिरा आणि कमी सोलपटले, असे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. शेक चालू असताना तोंड येणे काय असते, घास गिळताना डोळ्यांत पाणी कसे येते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना या लहानशा फायद्याची किंमत कळेल. पण यातही कर्करोग बरा करण्याचे काम शेक करत होता, हळद तो सोसायला मदत करत होती. या गुळण्याही घरच्या घरी सुरू करायच्या नाहीत. शेक देणाऱ्या डॉक्टरांना विचारूनच करायच्या.

हळदीचा विषय निघाला की आपला ऊर भरून येतो, आणि ते समजण्यासारखे आहे. अमेरिकेने १९९५ मध्ये जखमेवर हळद लावण्याचे पेटंट मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला दिले होते. रघुनाथ माशेलकर प्रमुख असताना आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने जुने ग्रंथ आणि निबंध पुढे ठेवून १९९७ मध्ये ते रद्द करवले. ती लढाई जखमेवरच्या हळदीची होती. तिच्या विजयाचा दाखला कर्करोगासाठी देतात तेव्हा मला गंमत वाटते.

आता त्या नातेवाइकाच्या प्रश्नाकडे येऊ. सुई आणि शेक ‘कायले’? सुईतली बरीचशी औषधे आणि शेक हे दोन्ही कर्करोगाच्या पेशीत उनाड कणांचा भडका उडवूनच तिला मारतात. त्याच वेळी मोठ्या डोसात अँटीऑक्सिडंट गिळणे म्हणजे एकीकडे वणवा लावून दुसरीकडून पाण्याच्या घागरी ओतणे. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनामधल्या संशोधकांनी २००२ मध्ये स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींवर आणि उंदरांवर हे तपासले. केमोथेरपीच्या काही औषधांनी जेवढ्या पेशी मरायला हव्या होत्या, त्यापेक्षा कर्क्युमिन सोबत असताना कमी मेल्या. इतर काही प्रयोगांत कर्क्युमिनने केमोथेरपीला मदत केल्याचेही दिसले आहे. असे उलटसुलट पुरावे असताना उपचार चालू असलेल्या माणसाने कॅप्सूल घेऊ नये, आणि घेत असेल तर डॉक्टरांपासून लपवू नये. कर्क्युमिन रक्त थोडे पातळही करते, शस्त्रक्रियेच्या आधी हे माहीत असलेले बरे. वरणातली, भाजीतली, दुधातली चिमूटभर हळद मात्र बंद करायची काहीच गरज नाही. तिने उपचार बिघडणार नाहीत.

हळद चालू आहे म्हणून तपासणीची तारीख पुढे ढकलली जाते, यात खरा धोका आहे. तोंडाचा कर्करोग लहान असताना बहुतेकदा एका शस्त्रक्रियेत निघतो. तीन-चार महिने काढे-चूर्णात गेले की तो जबड्याच्या हाडात आणि मानेच्या गाठींत उतरतो, मग शस्त्रक्रिया मोठी होते, जबडा जातो, शेकही घ्यावा लागतो. हळदीने त्या माणसाचे थेट नुकसान केलेले नसते. पण ती चालू असताना गेलेला वेळ परत मिळत नाही.

तुमच्यापैकी जे खर्रा खातात त्यांनी आज आरशासमोर उभे राहून एक करावे. मधली तीन बोटे एकावर एक उभी धरून तोंडात घालून पाहावीत. ती जात नसतील तर तोंडाची आतली कातडी आवळू लागली आहे. गालाच्या आत, जिभेच्या कडेला, हिरडीजवळ पांढरा किंवा लाल चट्टा आहे का ते बघावे. तोंडातली जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही, तर ती दाखवलीच पाहिजे. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयापासून सुरुवात करता येते, पुढे यवतमाळचे वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाची शस्त्रक्रिया, केमोथेरपी आणि शेक यांचा समावेश आहे. जाताना शिधापत्रिका आणि आधार कार्ड सोबत न्यावे.

तिथे डॉक्टर कदाचित चट्ट्याचा तुकडा काढायला सांगतील. ‘तुकडा काढला की रोग उसळतो’ या भीतीने कित्येक जण इथूनच परत फिरतात. तो तुकडा हरभऱ्याच्या डाळीएवढा असतो, जागा बधिर करून काढतात, आणि तो काढल्याने तोंडाचा कर्करोग पसरत नाही. चट्टा साधा आहे, बिघडू लागला आहे की कर्करोगच आहे, हे त्या तुकड्यावरून कळते आणि पुढचा उपचार त्यावरच ठरतो. अहवाल यायला काही दिवस लागतात. तेवढे दिवस तरी पानठेल्याकडे जाऊ नये.